भागीरथाबाईचा टायमर

माह्या तोंडाले लगाम नाई हे अख्ख्या इचोड्याले माहीत हाये, तवा ज्याले मधात बोलाचं असंल त्यानं आधी चहा सांगावा अन् मंग बोलावं. गोष्ट कंप्यूटरची हाये. कंप्यूटर म्हनलं का लोकं हात जोडतात. मी नाई जोडत. त्या डबड्यानं मले अख्खा श्रावन रडवलं.

मी भागीरथा. हैदराबाद-नागपूर रोडले लागून, पंक्चरवाल्याच्या बाजूले आमचं टायपिंग इन्स्टिट्यूट. इन्स्टिट्यूट म्हंजे घराचीच समोरची खोली. मागं चूल, समोर मशिनी. माह्या नवऱ्यानं, मारोती मास्तरनं ते उभं केलं. सारं गाव त्यायले मास्तर म्हनते, म्हनून मीही मास्तरच म्हनते. माही माय सखूबाई, जलमभर लोकाच्या वावरात कापूस वेचला तिनं, अन् लग्नाच्या दिवसापर्यंत मीही तिच्या संगं पदराच्या ओट्यात कापूस भरत होती. मास्तरनं मले आनली अन् पयले टायपिंग शिकवलं, संसार मंग.

अन् शिकवलं कसं? हातावर पुठ्ठ्याची पेटी ठेवून. बटनं दिसलीच नाई पाह्यजेत. डोळे डाव्या बाजूच्या कागदावर, बोटं आपल्या जागेवर. खाली पाह्यलं का पट्टी बसलीच बोटावर. "टायपिस्टचे डोळे बोटात असतात, भागीरथा," म्हनायचे. मी रडायची, शिव्या द्यायची मनातल्या मनात, पन शिकली. असं शिकली का लोकं रोडवर थांबून माह्या मशीनचा आवाज आयकायचे. कोर्टातल्या बाबू लोकायले, तहसीलच्या मुन्शी लोकायले आमीच तयार केलं.

मंग एक दिवस वर्गात शिकवता शिकवता मास्तर खाली बसले ते उठलेच नाई. उजवं अंग गेलं. हात लोंबकळला, जीभ जड झाली. तवापासून दारातल्या कुर्सीत बसून राह्यतात, रोडवरचे ट्रक पाह्यतात. मशीनले त्यायनं पुन्हा हात लावला नाई. एक शब्द बोलाचा तं अर्धा घंटा लागते, म्हनून बोलतही नाई.

इन्स्टिट्यूट मी चालवलं. चाललंही बरं. पन मंग स्टँडवर भगवानराव झेरॉक्सवाला आला, अन् त्याच्या मागं कंप्यूटर आला. कानामागून आली अन् तिखट झाली, दुसरं काय! पोरं म्हनायले लागली, "बाई, टायपिंग आता कोन शिकते? आदिलाबादले कंप्यूटर हाये." एकेक करून गेले. मशिनीवर मी फडकी टाकली. उन्हाळा संपता संपता वर्गात दोन पोरी राह्यल्या, अन् त्याही माह्याकडं पाहून शरमून येत होत्या.

श्रावन लागला तवा आदिलाबादच्या एका कंप्यूटर सेंटरचे सर आले, पोतन्ना. तेलुगू मानूस, वयानं माह्याहून लहान, बोलायले गोड. त्यायले इचोड्यात ब्रँच टाकाची होती. जागा पाह्यजे अन् शिकवनारा मानूस पाह्यजे. दोन जागा त्यायनं पाह्यल्या, आमची अन् भगवानरावची. सर मले हिंदीत म्हनाले, "मॅडम, जो सिखाएगा, उसको हमारे कोर्स का पहला प्रोजेक्ट खुद बनाना पड़ेगा. कोरे स्क्रीन पे, मेरे सामने. पोळा हो जाने दो, फिर मैं आता हूँ." मले एक जुना कंप्यूटर अन् चार पानं देऊन गेले. भगवानरावलेही तसंच दिलं.

लोकं म्हनतील, नसती मिळाली ब्रँच तं काय झालं असतं? सांगते काय झालं असतं. दाराले कुलूप लागलं असतं अन् मी वावरात गेली असती. कापूस वेचायची मले लाज नाई, माह्या मायनं त्याच्यावरच मले वाढवलं. पन सकाळी कोंबड्याच्या बांगेले गेलेली बाई दिवस बुडाल्यावर घरी येते. तोपर्यंत मास्तरले कुर्सीत कोन बसवन? पानी कोन पाजन? परसाकडं कोन नेईन? खाटेवर पडल्या पडल्या तो मानूस सडला असता. मले नोकरी नव्हती पाह्यजे, मले घराच्या समोरच्या खोलीत बसून पोट भराचं होतं. येवढीच गोष्ट होती, अन् ती त्या डबड्याच्या हातात होती.

डबडं आलं त्या दिवशी पंक्चरवाल्यापासून सगळ्यायनं दाराबाहेर चपला काढून दर्शन घेतलं. एका बाईनं तं उदबत्ती आनली. मी म्हनलं, "माय, उदबत्ती तुह्या देव्हाऱ्यात लाव, इथं धूळ होते."

आता प्रोजेक्ट काय, तं टायमर. दहा मिनिटं मोजनारं घड्याळ. पडद्यावर सहाशे दिसाचे, मंग पाचशे नव्व्यान्नव, असं उतरत उतरत शून्यावर याचं, 'टाइम अप' लिहून टूं वाजाचं. बस. मास्तर वर्गात हातातल्या घड्याळावर जे करत तेच. पोतन्ना सरच्या पानावर त्याची पद्धत लिवली होती. एका ओळीत मिनिटं सांगाची, एम बरोबर दहा. मंग एमले साठनं गुनाचं, सेकंद निघतात. मशीनच्या पोटात घड्याळ असते, त्याले विचाराचं किती सेकंद गेले, गेलेले वजा कराचे, उरलेले दाखवाचे. शून्य झालं का थांबाचं.

मले वाटलं, हात्तिच्या! याच्यासाठी येवढा बाजार? पानं डाव्या बाजूले ठेवले, डोळे पानावर, बोटं बटनावर, अन् तडातडा सारं लिहून काढलं. पयल्या दिवशी मशीन भांडलं माह्यासंगं. हे चिन्ह राह्यलं, तो शब्द चुकला, ही ओळ पुरी नाई. मी एकेक नीट केलं. भांडनारं मशीन चांगलं असते हो, भांडनाऱ्या बाईसारखं, काय दुखते ते सांगते तरी. तिसऱ्या दिवसापासून ते भांडेनासं झालं. मी चालू कराचं बटन दाबलं.

शून्य. टाइम अप. टूं.

दहा मिनिटं कुठं गेली? मी पुन्हा दाबलं. शून्य. टाइम अप. टूं. डोळ्याचं पातं लवाच्या आत दहा मिनिटं संपली. माह्या टायमरले दहा मिनिटं म्हंजे काहीच नाई.

मी पान अन् पडदा ओळीओळीनं जुळवलं. सारं बरोबर. पुसलं, पुन्हा लिवलं. टूं. पुन्हा पुसलं. टूं. तो आवाज माह्या डोक्यात बसला. सैपाक करता करता आयकू याचा, मास्तरचं आंग पुसता पुसता आयकू याचा. वरून लाइनचा तमाशा. निम्मं लिवून झालं का करंट जाये अन् सारं पुसून जाये. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मी पुन्हा बसायची, अन् दर खेपेले जास्त जोरात लिवायची, जसं का जोरात लिवलं म्हंजे ते आयकन.

मशीनच बिघडलं असंल, भगवानरावचं चालते का पाहू म्हनून मी त्याच्या दुकानावरून गेली. तं तो चहावाल्यासमोर उभा राहून सांगून राह्यला, "आपला टायमर तं पयल्या झटक्यात पळाला बापा! मास्तरीनबाईचं काय चालू हाये, समजत नाई." अन् दात काढून हसला. नाचता येईना अंगन वाकडं, असं त्यानं म्हनलं नाई, पन तोंडावर लिवलं होतं त्याच्या. मी म्हनलं, "भगवानराव, कागदाची नक्कल काढनं अन् शिकवनं, दोनात फरक हाये." म्हनलं खरं, पन रस्ताभर मनात एकच गोष्ट घोळत होती. त्याचा चालते अन् माहा चालत नाई, म्हंजे खोट माह्यातच हाये.

मंग मी एसटीडीवर गेली अन् आदिलाबादले पोतन्ना सरले फोन लावला. सर म्हनाले, "मॅडम, पूरा पढ़ के सुनाओ." मी कागदावर उतरवून नेलं होतं, ओळन् ओळ वाचली. एम बरोबर दहा, एस बरोबर एम गुनिले साठ, सारं. तिकडून आवाज आला, "सब सही है मॅडम. चलना चाहिए." मी म्हनलं, "चलता नई ना सर!" ते म्हनाले, "कहीं तो गलती होगी, ध्यान से देखो." फोन ठेवला. एसटीडीचं मशीन माह्यासमोर सेकंद मोजत होतं, टिक टिक, कसं छान मोजत होतं. मले वाटलं तेच उचलून भिंतीवर आपटावं.

सगळं बरोबर हाये अन् चालत नाई. याच्यावर मानसानं काय करावं? चुकलं म्हनलं तं सुधारता येते. बरोबर असून मरनारं मी पयल्यांदाच पाह्यलं. रात्र रात्र डोळ्याले डोळा लागेना. जेवन उतरेना. एक दिवस भाकर करता करता मी तव्यावरच हात ठेवला, तरी उशिरा समजलं.

पोळा जवळ आला तवा मी आशा सोडली. चंपतरावच्या वाड्याकडं, म्हंजे त्यायच्या खळ्यावर गेली. चंपतराव मोठे कास्तकार, माह्या मायनं त्यायच्याच वावरात आयुष्य काढलं. मी म्हनलं, "दादा, यंदा वेचायले बाया लागतीन ना?" ते म्हनाले, "लागतीन तं. कोन, सखूबाईची कोनी नातलग येते का?" मी म्हनलं, "मी येते." त्यायचा पोरगा माह्याच हाताखाली टायपिंग शिकून बाबू झाला होता. माह्या हाताकडं पाह्यलं त्यायनं अन् मान खाली घातली. "दसऱ्यानंतर ये," म्हनाले. मानूस वाईट नाई, पन त्या दिवशी त्यायनं मले पयल्यांदा 'अहो बाई' नाई म्हनलं, नुसतं 'ये' म्हनलं. घरी येताना रस्ताभर मी रडली. कोनी पाह्यलं तं पाह्यलं.

पोळ्याच्या दिवशी दुपारी सारं गाव बैलं घेऊन तोरनाकडं गेलं. बैलायच्या घुंगराचा आवाज, हलग्या, पोरायचा कल्ला. करंट होता. मी म्हनलं, शेवटचं. डोळे पानावर, बोटं बटनावर, एका दमात लिवलं. दाबलं.

टूं.

माहं डोकं फिरलं. मी त्या बटनाच्या फळीवर दोन्ही मुठी आपटल्या. "मर म्हना! मर! येक बार मरून जा!" त्याले बोलत होती का स्वताले, मलेच माहीत नाई. मंग मास्तरकडं फिरली. तो बिचारा कुर्सीत बसला होता, त्याचा काय दोष! पन मी म्हनलं, "पाह्यलं ना? येवढं शिकवलं तुमी, पट्ट्या मारून मारून शिकवलं, काय कामाचं झालं? दसऱ्यानंतर मी वावरात चालली. चंपतरावले सांगून आली. तुमी राहा खाटेवर एकटे!" बोलल्यावर मी पदर तोंडात कोंबून खालीच बसली. बाहेर हलग्या जोरात वाजत होत्या म्हनून बरं, नाईतं पंक्चरवाला धावत आला असता.

काठीचा आवाज आला. मास्तर उठले होते. उजवा पाय ओढत, भिंतीले धरत, मशीनसमोरच्या स्टुलावर येऊन बसले. डाव्या हाताचं एक बोट उचललं अन् म्हनाले, "वाच."

"अहो, आता तुमचं काय मधात? पडाल बरं."

"वाच."

त्या मानसाले दोनदा बोलायले किती जोर लागते ते मले ठाऊक. मी डोळे पुसले, पानं घेतली अन् वाचायले लागली. मास्तर एकेक अक्षर डोळ्यानं शोधायचे अन् एका बोटानं दाबायचे. ज्यायनं मले खाली पाह्यलं म्हनून मारलं, ते मास्तर मान खाली घालून पोरावानी बटनं शोधत होते. मले पाह्यवेना. एक शब्द व्हायले हलगीचा एक फेरा होऊन जाये. मी म्हनलं, "एम बरोबर... दहा."

त्यायचं बोट थांबलं. इकडं गेलं, तिकडं गेलं, अन् वरच्या ओळीत पार डाव्या कोपऱ्यात जाऊन टेकलं.

"एक," म्हनाले.

"हो, एक. मंग शून्य."

"नाई. इथं... एक... हाये."

"असंल ना बापा, दाबा!"

मास्तरनं माह्याकडं पाह्यलं. तोंड वाकडं होऊन थुंकी गळत होती, पन डोळे वर्गातले होते, जसे पयले असायचे. "आपल्या... मशीनवर... नाई."

अन् मले घाम फुटला.

आता ज्यायनं जुनी टायपिंग मशीन पाह्यली नाई त्यायले सांगते. आमच्या मशीनवर आकडे दोनपासून सुरू होत. एकाचं बटनच नसे. कारखान्यावाल्यायनं एक बटन वाचवलं होतं, कारन इंग्रजीतला छोटा एल अन् एक दिसायले जुळे भाऊ. कागदावर कोन वळखते? त्याच्यामुळं टायपिस्ट लोक एक लिवाचा असला का उजव्या हाताच्या बोटानं एल दाबतात. मास्तरनं मले तसंच शिकवलं, मी शेकड्यानं पोरायले तसंच शिकवलं. बाराशे रुपये लिवा, सन एकोनीसशे लिवा, एल दाबा. आमचं बोट दहा म्हनलं का आपोआप तिकडंच जाते, विचारत नाई. अन् खाली तं मी कधी पाह्यलंच नव्हतं. कंप्यूटरवर एकाचं वेगळं बटन हाये हे मले माहीतच नव्हतं, महिनाभर त्याच्यावर हात ठेवून.

कागद फसला असता, पडदा पाहून माहे डोळेही फसले, पन मशीन कायले फसते? त्यानं एलले एलच वाचलं. एल अन् शून्य, कोनाचं तरी नाव असंल असं समजलं. अन् पोतन्ना सरच्या शेवटच्या पानावर बारीक लिवलंच होतं का ज्या नावाले काही किंमत दिली नाई त्याची किंमत मशीन शून्य धरते. शून्य मिनिटं, शून्य सेकंद, टूं. चूक नव्हतीच त्याच्या हिशेबानं, म्हनून भांडलं नाई. अन् फोनवर मी वाचलं तं 'दहा'च वाचलं. सर तरी काय करतीन!

मास्तरचा उजवा हात मेला होता म्हनून त्यायचं बोट एलकडं गेलं नाई. हात चांगला असता तं त्यायनंही तेच केलं असतं.

बाकीचं मी वाचलं, त्यायनं लिवलं. मी बटन दाबलं.

सहाशे. पाचशे नव्व्यान्नव. पाचशे अठ्ठ्यान्नव.

मी येवढ्या जोरात ओरडली का बाहेरचे बैल बुजले असतीन. मास्तरच्या गळ्यात पडली. पन ते हासत नव्हते. पडद्याकडं पाहून त्यायच्या डोळ्यातून पानी वाहत होतं. "म्या... चुकीचं... शिकवलं."

"काही चुकीचं नाई शिकवलं!" मी म्हनलं. "ते मशीन तसं होतं, हे असं हाये. तुमी नसतं शिकवलं तं मी आज कुठं असती? ओट्यात कापूस भरत असती. असं बोलाल तं पाहा मंग."

पन खरं सांगू, घोडं अजून पेंड खातच होतं. मी परत लिवायले बसली तं बोट एलवरच! मनात 'एक, वरचं बटन, वरचं बटन' म्हनत जाये अन् बोट आपलं खाली. वर्षानुवर्षाचं बोट ते, माह्या बापाचंही आयकलं नसतं. थोडं वळायले लागलं तं करंट गेला, तो रातभर आलाच नाई.

दुसऱ्या दिवशी बडगा, पोरं पुतळा घेऊन गावाबाहेर जाळायले नेतात तो सन. गावात सुट्टीच. पन पोतन्ना सर तेलुगू मानूस, त्यायले बडग्याचं काय? पयल्या बसनं हजर. आधी स्टँडवर भगवानरावचा टायमर पाहून आले होते, अन् भगवानरावही त्यायच्या संगं आला, माही फजिती पाहायले. पंक्चरवाला अन् वर्गातल्या दोन पोरी दारात. मास्तर कुर्सीत.

मी देवाचं नाव घेतलं नाई, पन दहाचं नाव घेतलं. वरचं बटन, भागीरथा, वरचं बटन. हात ठेवले. सगळे पाहून राह्यले होते, अन् बोटायले सवयच होती, लोकं पाह्यले का ते आपोआप पळतात. तडातडा, तडातडा. भगवानरावचं तोंड उतरलं मी पाह्यलं, अन् तिथंच घात झाला. मले भारी बरं वाटलं. शेवटची ओळ संपली अन् मी बटन दाबलं.

शून्य. टाइम अप. टूं.

भगवानराव खदखदून हसला. मी त्या ओळीवर जाऊन एल पुसनार, तेवढ्यात पोतन्ना सरनं हात पुढं करून अख्खा पडदा कोरा केला. "मॅडम, एक बार और. पूरा नया. फिर मेरी बस है."

दहाच्या दहा बोटावर माहा भरोसा उरला नव्हता. मी खाली पाह्यलं. सगळी बटनं पयल्यांदा धडपने पाह्यली. नऊ बोटं मुठीत घेतली, एक बाहेर ठेवलं, अन् मास्तरनं काल लिवलं तसं लिवायले लागली. एकेक अक्षर शोधून. सी कुठं हाये. एल कुठं हाये. टक. थांबायची, शोधायची. टक. मले दिसत होतं का पोरी एकमेकीकडं पाहून राह्यल्या. ज्या बाईचा आवाज आयकायले लोकं रोडवर थांबत, ती बाई कोंबडीवानी दाना टिपत होती.

"मास्तरीनबाई, टायपिंग विसरल्या का काय?" भगवानराव म्हनला.

पोतन्ना सर हसले नाई. त्यायनं दारावरच्या पाटीकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. "मॅडम, आप तो टायपिंग सिखाती हैं ना?"

मागून मास्तरचा आवाज आला. ते काठीवर जोर देऊन उठायले पाह्यत होते. "ती... ती... मिनिटाले..." त्यायले सांगायचं होतं का ही बाई मिनिटाले किती शब्द मारते. तोंड लाल झालं, पन शब्द बाहेर येईना.

दुसरा कोनता दिवस असता तं भगवानरावची मी तिथंच चटनी केली असती. मी मागं वळूनही पाह्यलं नाई. माहं बोट वरच्या ओळीत, डाव्या कोपऱ्यात होतं. "मास्तर, बसा," मी म्हनलं. अन् सरले म्हनलं, "नई आता सर. सीख रई हूँ."

हे बोलताना माह्या काळजाचं पानी झालं. मास्तरसमोर, त्यायच्याच खोलीत, त्यायच्याच पाटीखाली. पन बोट मी हलू दिलं नाई. एक. मंग शून्य. बाकीच्या ओळी तशाच टिपत टिपत पुऱ्या केल्या अन् चालू कराचं बटन दाबलं.

सहाशे. पाचशे नव्व्यान्नव.

ती दहा मिनिटं कशी गेली विचारू नका. सरची बस गेली, त्यायनं जाऊ दिली. बाहेर पोरं बडगा घेऊन ओरडत गेले. खोलीतले सारे पडद्याकडं पाहून. शून्य झालं, टूं वाजलं, तवा मले समजलं का मी दात आवळून बसली होती.

"पहले क्यों नहीं चला?" सरनं विचारलं. मी सांगितलं, एल अन् एकाचं. झाकलेली मशीन उघडून दाखवली. सर वाकून त्या मशीनच्या बटनाकडं पाह्यत राह्यले. मंग भगवानरावकडं वळले. "आपके में ये तीसरी लाइन क्या करती है?" भगवानराव म्हनला, "सर, वो... वैसाच लिखते." पाठ करून आला होता लेकाचा, कागदाची नक्कल.

पोतन्ना सर माह्याकडं फिरले अन् म्हनाले, "ब्रँच यहीं खोलेंगे, अम्मा." भगवानराव चपला पायात अर्ध्याच घालून गेला. पंक्चरवाल्यानं टाळ्या वाजवल्या. मी तशीच स्टुलावर. उठाचं कसं हेच विसरली होती.

मास्तर काठी टेकत टेकत माह्याजवळ आले. डावा हात माह्या खांद्यावर ठेवला. बोलायले किती वेळ लागला, पन सगळे थांबले.

"माहं... नाव... लिव," म्हनाले. "पयला... विद्यार्थी... मी."

मले रडू आलं. पोतन्ना सरसमोर, पोरीसमोर, सगळ्यायसमोर आलं, अन् मी येऊ दिलं.